प्रशस्त घर विकणे आहे

'विकणे आहे. चाकण गावठाणात, मोक्याच्या जागी, प्रशस्त कौटुंबिक घर. पूर्वाभिमुख. जुने सागवानी काम. मागे मोकळी जागा व विहीर. हायवेपासून पाच मिनिटे. वाढते गाव. टायटल क्लिअर. फक्त गरजूंनी समक्ष भेटावे.'

हा मजकूर आमच्या घराचा आहे. चुलतभावानं, म्हणजे आप्पानं, तो एजंटाकडून लिहून घेतला आणि छापायला देण्याआधी माझ्याकडं पाठवला. घरात मराठीचा मास्तर मी एकटाच, त्यामुळं ऱ्हस्वदीर्घ बघायचं काम माझ्या वाट्याला. एजंटानं 'पुर्वाभिमुख' लिहिलं होतं, तेवढी एक वेलांटी नीट केली, म्हणजे उकारच तो, आणि कागद परत दिला.

पण मजकूर डोक्यातून जाईना. बत्तीस वर्षं पोरांना विचारत आलो, कवीनं इथं हाच शब्द का वापरला, दुसरा का नाही. आता स्वतःच्या घराबद्दल २९ शब्द समोर आले आणि मी फक्त एक उकार तपासून मोकळा झालो. कवितेचं रसग्रहण होतं, कादंबरीचं परीक्षण होतं, जाहिरातीचं कुणी करत नाही. खरं तर चाकणच्या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत माणसांनी सगळ्यात मन लावून वाचलेलं लिखाण हेच असेल. तेव्हा हे परीक्षण.

एक कबुली आधी देतो. याच पुस्तकात मागं मी या घरावर लिहिलंय. झोपाळा, परसातली विहीर, आजीची चूल, पावसाळ्यात कौलांवरून गळणारं पाणी. तो लेख पहिल्यांदा छापून आला तेव्हा निगडीच्या एका वाचकाचा फोन आला, डोळे भरून आले म्हणाले. मला बरं वाटलं. आता एजंटाचा मजकूर वाचताना कळतंय की त्याच्यात आणि माझ्यात फार फरक नाही. त्यामुळं खाली जे बोलणार आहे ते दोन्ही मजकुरांना लागू आहे.

सुरुवात 'प्रशस्त'पासून करतो.

आमच्याकडं घर फुटात मोजत नसत, खणात मोजायचे. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. आमचं अठरा खणांचं. पुढं ओसरी, मध्ये माजघर, मागं पडवी, वर माडी, परसात गोठा, वखार आणि विहीर. सगळी मिळून जागा साडेचार गुंठे, म्हणजे जवळजवळ ४,९०० चौरस फूट. आजच्या हिशेबानं प्रशस्तच म्हणायचं. पण लहानपणी या घराला कुणी प्रशस्त म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'मोठं घर' म्हणायचे. तिथं मोठं म्हणजे जागा जास्त असं नव्हतं. माणसं जास्त, जनावरं जास्त, येणंजाणं जास्त, देणंही जास्त, असा तो सगळा अर्थ.

१९७५ च्या आसपास या घरात एकोणीस माणसं झोपत. कुठं झोपत ते सांगतो. आजोबा आणि आलागेला पाहुणा ओसरीवर. चुलते आणि मोठी पोरं उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात ओसरीच्याच उरलेल्या खणांत. सालानं ठेवलेला गडी गोठ्याच्या तोंडाशी, बैलांजवळ. बाया आणि लहान पोरं माजघरात, एकीला कूस बदलायची तर दुसरीनं आधी बदलावी लागे. ज्याचं नवं लग्न झालंय त्याला माडीवर अर्धा कोपरा, मध्ये लुगडं बांधून. त्या लुगड्याच्या अलीकडं सुफलाच्या गोण्या आणि शेंगदाण्याची पेंड. पेंडीचा वास सगळ्या घराच्या कपड्यांना यायचा.

माणसं अशी कडेकडेनं, कारण मधली जागा मालाची होती. भिंतीतल्या बळदात बाजरी. कणगीत हुलगा, मटकी. बटाट्याच्या लावणीआधी पंजाबहून आलेल्या बेण्याच्या गोण्या अंधाऱ्या खोलीत, आणि तीच बाळंतिणीची खोली. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा आईच्या बाजेखाली बेणं होतं आणि त्याला मोड आलेले होते, असं आई सांगायची. आणि कांदा. उन्हाळी कांदा काढला, काटला, की चैत्र-वैशाखात वखारीत. वखारीत मावला नाही की पडवीत, आणि तिथनं बायांच्या चुलीपर्यंत. पुढं दिवाळीपर्यंत भावाची वाट बघायची आणि आठ-पंधरा दिवसांनी ढीग उलटून सडका कांदा वेगळा काढायचा. हे काम बायांचं. आईच्या हाताचा वास भाद्रपदात भाकरीला यायचा. माझ्या त्या गाजलेल्या लेखात आजीच्या चुलीचा वास आहे, हा वास नाही.

म्हणजे घर मुळात कोठार होतं. मालाला जागा देऊन जी उरायची तिच्यात आम्ही राहत होतो. ज्यानं बांधलं त्या पणजोबांनी खांब मोजले ते पोती मोजून, माणसं मोजून नव्हे.

१९८० सालचं घर मला नीट आठवतं. कांद्याला भाव नव्हता. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून इथून जवळच आंबेठाणला जमीन घेऊन शेती करायला आलेले, आणि त्यांच्या शेतकरी संघटनेचं कांद्याचं आंदोलन चाकणलाच पेटलं. पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी बसले. आमच्या घरातनं तीन पुरुष बसायला गेले. घरी वखार भरलेली, पडवी भरलेली, ओसरीच्या एका खणातही कांदा. इतकं भरलेलं घर मी पुन्हा पाहिलं नाही आणि इतकं कंगालही. दिवाळीला त्या वर्षी पोरांना कपडे झाले नाहीत.

मग घर प्रशस्त कधी झालं? जमीन गेली तेव्हापासून. एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ३२ आमच्याकडं शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. नोटीस आली, मोजणी झाली, पैसे आले. आधी बैल विकले, चाकणच्या शनिवारच्या बाजारात, जिथनं घेतले होते तिथंच. बैल गेल्यावर गोठा रिकामा. कांदा नाही म्हणून वखार रिकामी. बाजरी विकतची, पाच-दहा किलोची, तिला बळद कशाला? मग भाऊ एकेक करून फ्लॅटमध्ये गेले, कुणी मोशीला, कुणी भोसरीला. शेवटी काका आणि काकू. एवढ्या अठरा खणांत दोघं. काकू म्हणायची, "संध्याकाळचं दिवा लावत पार पडवीपातूर जायचं म्हंजी जीवावर येतं."

एजंटानं 'प्रशस्त' लिहिलं ते या काकूच्या घराला. तो जी जागा मोजतोय ती बैल, कांदा, बाजरी आणि सतरा माणसं निघून गेल्यावर सुटलेली जागा आहे. शब्द खोटा नाही. फक्त तो घराचा गुण म्हणून लिहिलाय.

आता समोरच्या बाजूला बघा. आमच्या ओसरीवरून दिसतात त्या दहा बाय दहाच्या खोल्या. एका ओळीत आठ, वर आठ, टोकाला सामाईक संडास. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, निघोजे, जिथं जाल तिथं ज्यांची जमीन उरली त्यांनी हेच पीक घेतलंय. बिहारची पोरं, उत्तर प्रदेशची, बीडची, लातूरची, वाशिमची. एका खोलीत चार-पाच जण. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर पडतो. याला चाळ म्हणतात. कांदा साठवतात त्यालाही आम्ही चाळच म्हणतो. कांदाचाळीत निदान खालून-वरून हवा खेळती ठेवतात, नाहीतर माल सडतो.

आमचं घर घ्यायला जी पहिली पार्टी आली तिनं घराकडं पाहिलंच नाही. टेप लावली ती बाहेरच्या कुंपणाला. तळाला बारा, वर बारा, त्याच्यावर बारा, असा नकाशा तिच्या खिशात तयार होता. म्हणजे जाहिरात घर विकतेय आणि बाजार घेतोय गुंठे. 'जुने सागवानी काम' हे शब्दही त्यामुळं फसवे. सागवान आहे, पण ते जुना बाजारवाला वेगळं मोजून नेणार. 'प्रशस्त'चे छत्तीस तुकडे होणार आणि एकेकात चौघं झोपणार. एकोणीस माणसांच्या घराचा पुन्हा दीडशे माणसांचा मुक्काम होईल. या हिशेबात मला रडू येत नाही, खरं सांगतो. त्या पोरांना राहायला जागा पाहिजेच. पण मग तसं लिहा ना.

'मोक्याच्या जागी'बद्दल फार बोलण्यासारखं नाही. गावातल्या प्रत्येक जाहिरातीत प्रत्येक जागा मोक्याचीच असते. 'हायवेपासून पाच मिनिटे' हे मात्र थोडं थांबून वाचा. किती वाजता? सकाळी कंपन्यांच्या बस सुटायच्या वेळी तळेगाव चौकात जो उभा राहिलाय त्याला पाच मिनिटांचा अर्थ मी सांगायला नको. पूर्वी या अंतराला आम्ही 'स्टँडापाशी' म्हणायचो आणि घड्याळ लागत नव्हतं.

'वाढते गाव' यात मला एजंटाचा राग येत नाही, कारण गाव वाढलंच. बजाजचा कारखाना आला, महिंद्राचा आला, २००९ साली फोक्सवॅगन. २०१५ ला ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. आमच्या आधी हे सगळं पिंपरी-चिंचवडनं पाहिलं. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. आकुर्डी-भोसरीतल्या आमच्या सोयऱ्यांचे वाडे आमच्याआधी एक पिढी विकले गेले, आणि तेव्हा आम्ही त्यांना नावं ठेवली. चिंचवडगावात मंगलमूर्ती वाडा उभा आहे, कारण तो देवस्थानाचा. चापेकरांचा वाडा स्मारक म्हणून राखला. ज्या घरात ना देव ना क्रांतिकारक, नुसता कांदाच साठवला, त्याला राखायचं कारण कुणी सांगायचं? चाकणच्या किल्ल्याचीच गत बघा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं जवळपास दोन महिने संग्रामदुर्ग शाइस्तेखानाविरुद्ध लढवला. आज थोडे बुरूज, थोडी भिंत. एजंटाला मी म्हटलं, 'ऐतिहासिक गाव' असंही टाक की. तो म्हणाला, "सर, ऐतिहासिक म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटतं बांधकामाला परवानगीच मिळणार नाही." त्याला शब्दाचं वजन माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो तो, 'कौटुंबिक'.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, नाहीतर सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड. आमच्या घरावर अजून आजोबांचं नाव. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. कुणी वारसनोंद केली नाही, कारण घर विकायचं कुणाच्या मनातच नव्हतं. आता काढली तर वारस अकरा निघाले. त्यात एक आत्या.

'टायटल क्लिअर' हे विधान म्हणजे आत्याची सही झाली असं धरून केलेलं आहे. ती झालेली नाही.

जमिनीचे पैसे आले त्या वर्षी आत्याला खेडला रजिस्टर ऑफिसात नेलं होतं. हक्कसोडपत्र. आमच्या भागात त्या काळात शेकडो बहिणींनी ते केलं. भाऊ घ्यायला येतो, गाडीत बसवतो, सही झाल्यावर साडी आणि हॉटेलात जेवण. १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा होताच. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला तिला मुलाच्या बरोबरीनं धरलं. कायदा पुढं जात होता आणि साड्यांचा खपही. त्या दिवशी गाडीत आत्याशेजारी मी बसलो होतो. मास्तर म्हणून मला नेलेलं, तिला कागद वाचून दाखवायला. मी वाचून दाखवला. 'स्वखुशीने' हा शब्द मी मोठ्यानं वाचला. कवीनं इथं हाच शब्द का वापरला, असं तिथं मला विचारता आलं नाही.

त्या कागदात गट नंबर होते, घर नव्हतं. म्हणून आज तिची सही लागते.

आप्पा आणि मी तिच्याकडं गेलो, मंचरच्या बाजूला. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं. जाहिरात वाचून दाखवली.

"परशस्त म्हंजी रं?"

"ऐसपैस, आत्या. मोकळंढाकळं."

"कुणाला?"

आप्पा हसला. ती हसली नाही. मग म्हणाली, "माजघराच्या भिंतीत एक देवळी व्हती. त्यात माझी फणी, कुंकवाचा करंडा आन सातवीचं पुस्तक. तेवढी माझी. पुढं वहिनी आली तवा तिचा करंडा ठिवायला मी पुस्तक काढलं." थोड्या वेळानं, "कुटुंबाचं लिव्हलंय, तर कुटुंबात मी हाय का न्हाय ते आधी सांगा. सही करीन. पैसं बी घेईन. साडी नको."

मराठी नाटकात हे घर चाळीस वर्षांपूर्वी येऊन गेलंय. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ ला रंगभूमीवर आलं, विजया मेहतांनी बसवलं. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे. ते जमीनदार ब्राह्मण, आम्ही नांगर धरणारे, तेव्हा घर आमचं नाही. पण घराचं गणित तेच. त्या वाड्यात प्रभा आहे, शिकायची इच्छा असलेली आणि शिकू न दिलेली. चंदू आहे, सगळ्या घराचं ओझं वाहणारा आणि कशातच न धरलेला. दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. मी हे नाटक अनेकदा वाचलं आणि प्रत्येक वेळी वाड्याच्या पडझडीचं नाटक म्हणून वाचलं. आत्याच्या ओसरीवरून परत येताना बसमध्ये वाटलं, एलकुंचवारांनी पडझड दाखवताना जागेचा हिशेबही मांडलाय: एवढ्या वाड्यात प्रभाला जागा कुठं होती? आपण प्रेक्षक मात्र भिंतींसाठी हळहळतो.

याच्याही आधी, १९०४ साली, रशियात चेखवचं 'चेरीची बाग' रंगभूमीवर आलं. जुनं घर, बाग, कर्ज, लिलाव. घेणारा लोपाखिन, ज्याचे बापजादे त्याच इस्टेटीवर भूदास होते. तो झाडं तोडून तुकडे पाडणार आणि शहरातल्या लोकांना उन्हाळ्यात राहायला घरकुलं देणार. चाकणच्या कुठल्याही एजंटाला ही योजना समजावून सांगावी लागणार नाही. शेवटी सगळे निघून जातात आणि फिर्स नावाचा म्हातारा नोकर बंद घरात विसरला जातो. पोरांना शिकवताना मी लोपाखिनला थोडा आडदांड, थोडा व्यापारी असा रंगवायचो. मालकिणीच्या बाजूनं बोलायचो.

मग आमचं घर बघायला तिसरं गिऱ्हाईक आलं. चाळिशीतला माणूस, कंपन्यांना माणसं पुरवायचं काम, दोन टेम्पो. आमच्याकडं सालानं होता त्या गड्याचा नातू. त्याची आजी आमच्या पडवीत कांदा निवडायला यायची. त्यानं चपला दारात काढल्या, चहा घेतला, आणि म्हणाला, "मागच्या बाजूनं दाखवता का? आजी सांगायची ते मागचंच." विहीर पाहिली, वखारीची जागा पाहिली. मग भाव विचारला, सरळ, आडपडदा न ठेवता. पहिल्या पार्टीपेक्षा त्यानं जास्त सांगितला. तो गेल्यावर आप्पा म्हणाला, "बघू, घाई नको." आणि मी गप्प बसलो. माझ्याही पोटात काहीतरी हललं होतं. ज्या माणसानं घर सगळ्यात नीट पाहिलं त्यालाच ते द्यायला मन का घेत नव्हतं, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते लिहायला लाज वाटते. पोरांपुढं लोपाखिन चुकीचा शिकवला, हे त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून आमच्या आठवणींच्या लेखांबद्दल माझं हे मत झालंय. गावाकडच्या घरावर आम्ही जे लिहितो ते बहुतेक ओसरीवरून लिहिलेलं असतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला आलं, त्यात गाव महारवाड्याच्या बाजूनं दिसतं. त्यानंतर तरी आम्हाला कळायला हवं होतं की गावातली जागा प्रत्येकाला वेगळी मोजून मिळालेली होती. वाचलं, नावाजलं, वर्गात सांगितलं, आणि स्वतःच्या लेखात परत झोपाळ्यावर जाऊन बसलो. माझ्या लेखात गडी एकदा येतो, बैलांच्या वर्णनात. आत्या येतच नाही. ज्या वाचकांचे डोळे भरले त्यांना मी रिकामं घर दाखवून ते भरलेलं होतं असं सांगितलं, आणि भरलेलं असताना कसं होतं ते सांगितलं नाही. एजंट निदान वर 'विकणे आहे' असं लिहितो.

एक गोष्ट मात्र मी मागं घेणार नाही. विहिरीचं पाणी गोड होतं, आणि १९७२ च्या दुष्काळात ती आटली नव्हती. गावातल्या बाया ते पाणी भरायला येत. कोणत्या बायांना रहाट धरू देत आणि कोणाला पाणी वरून ओतलं जाई, तेही आता त्याच परिच्छेदात लिहावं लागेल.

मी मजकूर नव्यानं लिहून पाहिला. 'चाकण गावठाणात साडेचार गुंठे जागा. वरती जुनं अठरा खणांचं घर, कांदा-बाजरी साठवण्यासाठी बांधलेलं, सध्या रिकामं. वारस अकरा, त्यांत एक बहीण. सर्वांच्या सह्या झाल्यावर व्यवहार.' एजंटाला दाखवला. त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, "सर, वाईट नाही. पण बहिणीचं काढा. बहीण म्हटलं की पार्टी वकील घेऊन येते." आप्पा म्हणाला, "रिकामं काढ, भूतबीत वाटेल." शेवटी छापून आला तो पहिलाच, माझ्या दुरुस्त केलेल्या उकारासकट.

आत्या येत्या शनिवारी येणार आहे. सही त्याच दिवशी करते म्हणाली, पण आधी घरात जाणार. फोनवर तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, कागद वाचायला मीच पाहिजे, आणि सगळा वाचायचा, गाळायचा नाही. दुसरं, येताना टेप आण. देवळीचं माप घ्यायचंय.